ब्रिटनचा अंतर्गत बाजारपेठ कायदा आणि स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडनचे केंद्र सरकार आणि एडिनबरा, कार्डिफ व बेलफास्ट (अनुक्रमे स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंडच्या राजधान्या) येथील प्रादेशिक सरकारे यांच्यात देशांतर्गत व्यापाराच्या नियमांवरून २०२० पासून वाद चालू आहे. त्याविषयी वाचकांकडून सातत्याने येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखाद्या मुद्द्याचे विवेचन दुसऱ्या उत्तरात असेल, तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ब्रिटन तर संघराज्य नाही. मग तिथे केंद्र आणि प्रदेश यांच्यात अधिकारांचा वाद कसा काय होतो?

ब्रिटन संघराज्य नाही हे खरे आहे, आणि वादाचे मूळही तिथेच आहे. सप्टेंबर १९९७ मध्ये स्कॉटलंड आणि वेल्समध्ये सार्वमत झाले, एप्रिल १९९८ मध्ये उत्तर आयर्लंडसाठी ‘गुड फ्रायडे’ शांतता करार झाला, आणि त्याच वर्षी वेस्टमिन्स्टरच्या संसदेने तीन स्वतंत्र कायदे करून या तिन्ही प्रदेशांना निवडून आलेली विधिमंडळे दिली. आरोग्य, शेती, पर्यावरण, अन्नपदार्थांचे नियम यांसारखे विषय त्यांच्याकडे गेले. परराष्ट्र धोरण, संरक्षण, चलन यांसारखे विषय लंडनकडे राहिले. मात्र हे अधिकार संसदेने साध्या कायद्याने दिलेले आहेत. भारतासारखी लिखित राज्यघटना तिथे नसल्यामुळे, हस्तांतरित विषयांवरही कायदा करण्याचा आपला अधिकार संसदेने त्या कायद्यांतच राखून ठेवला आहे.

इंग्लंडला स्वतःचे वेगळे विधिमंडळ नाही, हेही लक्षात ठेवावे लागते. इंग्लंडपुरते नियम वेस्टमिन्स्टरच करते आणि संपूर्ण देशाचेही तेच करते. या दुहेरी भूमिकेचे परिणाम नवव्या आणि अकराव्या उत्तरात दिसतील.

२. हा वाद ब्रेक्झिटनंतरच का उफाळला? १९९९ ते २०२० या काळात का नव्हता?

कारण त्या काळात सर्वांच्या डोक्यावर एकच छत होते. ब्रिटन १९७३ पासून युरोपीय समुदायात होता, आणि मालाची मानके, लेबले, रसायने, अन्नसुरक्षा यांचे बहुतेक नियम ब्रसेल्समध्ये ठरत. युरोपीय कायद्याशी विसंगत कायदा प्रादेशिक विधिमंडळांना करता येणार नाही, अशी अट १९९८ च्या कायद्यांतच होती. त्यामुळे कागदावर अधिकार एडिनबराकडे असला, तरी प्रत्यक्षात एडिनबरा आणि लंडन यांच्या नियमांत फार मोठे अंतर पडण्यास वावच नव्हता.

३१ डिसेंबर २०२० रोजी ब्रेक्झिटनंतरचा संक्रमणकाळ (तोवर युरोपीय नियमच चालू होते) संपला आणि ते छत निघाले. आता चार ठिकाणी चार वेगळे नियम होण्याची शक्यता निर्माण झाली. त्यावर दोन उपाय समोर होते. पहिला उपाय म्हणजे चारही सरकारांनी बसून विषयवार एकमत करणे. त्यासाठीची तत्त्वे ऑक्टोबर २०१७ मध्ये ठरलीही होती, आणि त्या करारांना ‘सामाईक चौकटी’ असे नाव मिळाले. दुसरा उपाय म्हणजे संसदेने वरून एकच कायदा करणे. लंडनने पहिल्या उपायाचे काम चालू असतानाच दुसरा अमलात आणला; तोच अंतर्गत बाजारपेठ कायदा. प्रादेशिक सरकारांची मुख्य नाराजी या घाईबद्दल आहे, आणि माझ्या मते ती रास्त आहे.

३. अंतर्गत बाजारपेठ कायदा नेमके काय सांगतो?

हा कायदा १७ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झाला. त्याच्या गाभ्याशी दोन तत्त्वे आहेत.

पहिले परस्पर मान्यतेचे. देशाच्या एका भागात तयार झालेला किंवा त्या भागात आयात झालेला माल तिथे कायदेशीररीत्या विकता येत असेल, तर तो दुसऱ्या भागातही विकता आला पाहिजे. दुसऱ्या भागातील घडण, घटक, वेष्टन, लेबल यांविषयीचे वेगळे नियम त्या मालाला लागू होणार नाहीत.

दुसरे भेदभाव-बंदीचे. एखाद्या भागाने केलेला नियम बाहेरून येणाऱ्या मालाला थेट किंवा आडवळणाने तोट्यात टाकत असेल, तर तो नियम तेवढ्यापुरता निष्प्रभ ठरतो. आडवळणाच्या भेदभावाचे मात्र काही कारणांनी समर्थन करता येते: माणसे, प्राणी किंवा वनस्पती यांच्या जीविताचे व आरोग्याचे रक्षण, आणि सार्वजनिक सुरक्षितता.

सेवा आणि व्यावसायिक पात्रता यांनाही मिळतीजुळती तत्त्वे लागू आहेत (पात्रतेविषयी प्रश्न १६ पाहा).

४. म्हणजे स्कॉटलंड किंवा वेल्सला आता या विषयांवर कायदाच करता येत नाही का?

कायदा करता येतो. तो वैधही असतो. फक्त तो कोणाला लागू होतो, एवढेच बदलते, आणि या एवढ्याशा बदलाने कायद्याचा हेतूच निकामी होऊ शकतो.

समजा, एखाद्या पदार्थातील साखरेची कमाल मर्यादा वेल्सने ठरवली आणि इंग्लंडमध्ये तशी मर्यादा नाही. वेल्समध्ये तो पदार्थ बनवणाऱ्या कारखान्याला, आणि परदेशातून थेट वेल्समध्ये माल आणणाऱ्याला, ती मर्यादा पाळावी लागेल. ब्रिस्टलच्या कारखान्यातून आलेला अधिक साखरेचा माल मात्र कार्डिफच्या दुकानात त्याच फळीवर बिनधास्त विकला जाईल. म्हणजे नियमाचा भार फक्त स्थानिक उत्पादकावर पडतो, आणि ज्या ग्राहकाच्या आरोग्यासाठी नियम केला त्याच्यापर्यंत तो पुरता पोहोचत नाही. असे होणार हे ठाऊक असताना कोणते विधिमंडळ तो नियम करील? वेल्सच्या सरकारने सुरुवातीपासून नेमका हाच आक्षेप घेतला आहे.

तत्त्व चारही दिशांना सारखेच लागू आहे, त्यामुळे स्कॉटलंडचा मालही इंग्लंडच्या नियमाला वळसा घालू शकतो, असे समर्थक सांगतात. ते खरे आहे. पण ब्रिटनच्या लोकसंख्येतील सुमारे ८४ टक्के लोक इंग्लंडमध्ये राहतात. उत्पादक आपला माल त्या बाजारपेठेच्या मापाने बनवतात, आणि म्हणून व्यवहारात इंग्लंडचा नियम हाच देशाचा नियम होऊन बसतो. शिवाय इंग्लंडसाठी कायदा करताना वेस्टमिन्स्टर या कायद्यापासून स्वतःची सुटका करून घेऊ शकते. एडिनबराला तो मार्ग बंद आहे (प्रश्न ८ पाहा).

५. युरोपीय संघातही परस्पर मान्यता होतीच. तेव्हा जी चालली, ती आता का खटकते?

हा प्रश्न सर्वांत अधिक येतो, आणि प्रश्न रास्त आहे. परस्पर मान्यतेचे तत्त्व युरोपीय न्यायालयाने १९७९ च्या ‘कासी द दिजाँ’ या प्रसिद्ध खटल्यात मांडले. जर्मनीने फ्रान्समधील एका मद्याला त्यात अल्कोहोल पुरेसे नाही म्हणून रोखले होते. न्यायालयाने ती अडवणूक अमान्य केली. पण त्याच निकालाने दुसरी बाजूही उघडी ठेवली: सार्वजनिक आरोग्य, ग्राहकाचे हित यांसारखे सबळ कारण असेल आणि उपाय प्रमाणात असेल, तर देश बाहेरच्या मालालाही आपला नियम लावू शकतो. पुढे पर्यावरणाचे रक्षणही या कारणांत आले.

ब्रिटनच्या कायद्यात मालाच्या परस्पर मान्यतेला अशी सर्वसाधारण सूट नाही. रोगराईचा किंवा असुरक्षित अन्नाचा प्रसार रोखणे, रसायने, खते व कीडनाशके, कर अशा मोजक्या बाबी परिशिष्टात वगळल्या आहेत, आणि त्यांनाही अटी आहेत. ‘आमचा नियम पर्यावरणासाठी आवश्यक आहे आणि प्रमाणात आहे’ असे न्यायालयात सिद्ध करून तो वाचवण्याची वाट स्कॉटलंडला युरोपात होती. स्वतःच्या देशात ती नाही.

दुसरा फरक नियम ठरवण्याच्या पद्धतीचा. युरोपात किमान सामाईक मानके सर्व सदस्य देश एकत्र ठरवीत आणि त्यावर परस्पर मान्यता उभी राही. ब्रिटनमध्ये मान्यता सक्तीची आहे. तिच्याखालचा सामाईक पाया ऐच्छिक चर्चेवर सोडला आहे.

६. स्कॉटलंडमध्ये दारूची किमान किंमत ठरलेली आहे. ती या कायद्यापुढे कशी टिकली?

स्कॉटलंडच्या विधिमंडळाने हा कायदा २०१२ मध्ये केला. व्हिस्की उत्पादकांच्या संघटनेने त्याला न्यायालयात आव्हान दिले, नोव्हेंबर २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला, आणि १ मे २०१८ पासून अल्कोहोलच्या प्रत्येक युनिटमागे (१० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल) ५० पेन्स ही किमान किंमत लागू झाली. ३० सप्टेंबर २०२४ पासून ती ६५ पेन्स आहे. वेल्सने मार्च २०२० पासून ५० पेन्सची किंमत लागू केली.

परस्पर मान्यता मालाच्या घडणीविषयी, घटकांविषयी, वेष्टनाविषयी आहे. माल कुठे, कोणाला, कोणत्या वेळी, कोणत्या किमतीला विकायचा हे विक्रीच्या पद्धतीचे नियम तिच्या बाहेर राहतात. त्यांना फक्त भेदभाव-बंदी लागू होते. किमान किंमत एडिनबरात गाळलेल्या आणि लंडनहून आलेल्या बाटलीला सारखीच असल्यामुळे ती टिकते. याखेरीज, कायदा येण्यापूर्वीपासून लागू असलेले नियम सर्वसाधारणपणे त्याच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. मात्र त्यांत पुढे मूलभूत बदल केला तर ते संरक्षण राहत नाही.

७. प्रादेशिक विधिमंडळांची संमती न घेता संसदेने हा कायदा कसा केला?

हस्तांतरित विषयावर कायदा करायचा असेल तर संबंधित विधिमंडळाची संमती घ्यावी, असा संकेत आहे. १९९८ मध्ये लॉर्ड स्यूएल यांनी तो संसदेत मांडला म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो, आणि २०१६ मध्ये तो स्कॉटलंडच्या कायद्यात लिहिलाही गेला. त्याची शब्दरचना अशी की संसद ‘सामान्यतः’ संमतीविना कायदा करणार नाही. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्रेक्झिटविषयक खटल्यात स्पष्ट केले की हा राजकीय संकेत आहे. न्यायालय त्याची अंमलबजावणी करू शकत नाही.

अंतर्गत बाजारपेठेच्या विधेयकाला स्कॉटलंडच्या विधिमंडळाने ७ ऑक्टोबर २०२० रोजी ९० विरुद्ध २८ मतांनी संमती नाकारली. वेल्सच्या विधिमंडळाने डिसेंबरमध्ये नाकारली. कायदा तरीही झाला. जो संकेत नेमक्या कळीच्या क्षणी बाजूला ठेवता येतो, त्यावर प्रादेशिक सरकारांनी विसंबून राहावे अशी अपेक्षा यापुढे कशी करायची, हे लंडनच्या कोणत्याही पक्षाने अद्याप समाधानकारक सांगितलेले नाही.

८. या कायद्याला न्यायालयात आव्हान दिले गेले का? प्रादेशिक विधिमंडळ तो रद्द करू शकते का?

वेल्सच्या सरकारने आव्हान दिले होते. एप्रिल २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये अपील न्यायालयाने ते अकाली ठरवून फेटाळले: एखादा प्रत्यक्ष कायदा समोर नसताना अधिकारांचा प्रश्न हवेत ठरवता येणार नाही, असे न्यायालयांचे म्हणणे पडले. सर्वोच्च न्यायालयाने पुढे अपिलाची परवानगी दिली नाही. मुख्य घटनात्मक प्रश्नाचे उत्तर त्यामुळे मिळालेलेच नाही.

प्रादेशिक विधिमंडळ तो रद्द किंवा दुरुस्त करू शकत नाही. त्याला ‘संरक्षित कायद्याचा’ दर्जा दिला आहे. हा दर्जा किती प्रभावी असतो हे २०१८ मध्येच दिसले होते: स्कॉटलंडने मंजूर केलेल्या ब्रेक्झिटविषयक विधेयकाचा खटला सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित असताना संसदेने आपला कायदा करून त्याला संरक्षित ठरवले, आणि १३ डिसेंबर २०१८ च्या निकालात स्कॉटिश विधेयकातील बऱ्याच तरतुदी त्या कारणानेच अधिकारबाह्य ठरल्या.

९. एखाद्या नियमासाठी अपवाद मिळवायचा असेल तर काय करावे लागते?

कायद्याच्या परिशिष्टात बदल करण्याचा अधिकार लंडनच्या मंत्र्याकडे आहे. संसदेची मंजुरी घेऊन तो अपवाद वाढवू किंवा कमी करू शकतो. त्याआधी त्याने प्रादेशिक मंत्र्यांची संमती मागायची असते, पण महिनाभरात ती मिळाली नाही तरी कारणे जाहीर करून त्याला पुढे जाता येते. सामाईक चौकटीत चारही सरकारांचे एकमत झाले असेल, तर त्यानुसार अपवाद देण्याची खास तरतूद संसदेच्या वरिष्ठ, म्हणजे लॉर्ड्स, सभागृहाच्या आग्रहाने कायद्यात आली. लॉर्ड्समध्ये हा प्रश्न विशेषतः माजी न्यायाधीश लॉर्ड होप यांनी लावून धरला होता.

मात्र एकमत झाल्यावरही अपवाद देण्याचे बंधन मंत्र्यावर नाही. इंग्लंडच्या नियमांचा कर्ता आणि इतरांच्या अपवादांचा निर्णय करणारा एकच असणे म्हणजे फलंदाजाच्याच हाती पंचाचे काम देणे होय. मला या कायद्यातील सर्वांत गंभीर दोष हाच वाटतो. एकसंध बाजारपेठ हवी याबद्दल फारसे दुमत नाही, एडिनबरातही नाही. तिचा पंच कोण, हा प्रश्न आहे.

१०. एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बंदीचे काय झाले?

येथे अपवाद देण्याची यंत्रणा चालली, पण अर्धवट. स्कॉटलंडची बंदी १ जून २०२२ पासून लागू झाली. प्लॅस्टिकचे चमचे, ताटल्या, स्ट्रॉ, थर्मोकोलची खाद्यपात्रे अशा वस्तू तिच्यात होत्या. पण अपवादाचे नियम ऑगस्ट २०२२ मध्ये अमलात आले. मधल्या काळात इंग्लंडमध्ये बनलेला किंवा आयात झालेला तसा माल स्कॉटलंडमध्ये विकण्यास कायदेशीर अडकाठी नव्हती. पुढे इंग्लंडने १ ऑक्टोबर २०२३ पासून आणि वेल्सने ३० ऑक्टोबर २०२३ पासून बंदी आणली. अपवाद ठरावीक वस्तूंपुरताच असल्यामुळे, यादीबाहेरच्या वस्तूवर बंदी घालू पाहणाऱ्या सरकारला पुन्हा लंडनचे दार ठोठवावे लागते.

११. स्कॉटलंडची बाटल्या परत घेण्याची योजना लंडनने बंद पाडली, हे खरे आहे का?

या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणारे दोन्ही बाजूंना पुष्कळ भेटतात. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे.

योजना अशी होती: प्लॅस्टिक, काच, पोलाद किंवा ॲल्युमिनियमच्या बाटलीत वा डब्यात पेय विकत घेताना २० पेन्स ठेव द्यायची आणि रिकामी बाटली परत केली की ती परत घ्यायची. नियम २०२० मध्ये झाले. सुरुवात जुलै २०२२ मध्ये व्हायची होती. ती १६ ऑगस्ट २०२३ वर आणि नंतर १ मार्च २०२४ वर गेली. या दोन्ही मुदतवाढी लंडनचा निर्णय येण्यापूर्वीच्या आहेत. लहान पेय उत्पादक आणि दुकानदार खर्चाबद्दल व तयारीबद्दल तक्रारी करीत होते, आणि त्या खोट्या नव्हत्या.

ठेव ही मालाच्या विक्रीवरची अट असल्याने अपवाद आवश्यक होता. मे २०२३ च्या अखेरीस लंडनने तात्पुरता आणि सशर्त अपवाद देऊ केला: काच वगळायची आणि ठेवीची रक्कम, लेबले आदी बाबी इतर भागांतील भावी योजनांशी जुळवायच्या. इंग्लंडची योजना तेव्हा सुरूही झालेली नव्हती आणि तिच्यात काच नसणार होती. जिचे अस्तित्व कागदावरच होते अशा योजनेशी जुळवून घेण्याची अट नियम आधीच मंजूर झालेल्या योजनेवर घातली गेली. ७ जून २०२३ रोजी स्कॉटलंडच्या मंत्री लॉर्ना स्लेटर यांनी योजना किमान ऑक्टोबर २०२५ पर्यंत पुढे ढकलल्याचे जाहीर केले. ती चालवण्यासाठी स्थापन झालेली ‘सर्क्युलॅरिटी स्कॉटलंड’ ही कंपनी त्याच महिन्यात दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

पुढे इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड यांनी ऑक्टोबर २०२७ ही समान तारीख धरली, काचेविना. वेल्सला मात्र काच हवी होती, म्हणून ते नोव्हेंबर २०२४ मध्ये संयुक्त प्रक्रियेतून बाहेर पडले. योजनेत स्वतःच्या उणिवा होत्या, हे मान्य करूनही तिचा अंतिम आकार तिला मते देणाऱ्या विधिमंडळाने ठरवला नाही, हे नाकारता येत नाही.

१२. जनुक-संपादित पिकांवरून कसला वाद आहे?

२०२३ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये ‘अचूक प्रजनन’ पद्धतीच्या, म्हणजे जनुक-संपादनासारख्या तंत्राने तयार केलेल्या, पिकांना सोपी वाट करून दिली. स्कॉटलंड आणि वेल्सने तसे केले नाही. पण परस्पर मान्यतेमुळे इंग्लंडमध्ये कायदेशीर ठरलेले असे खाद्यपदार्थ तिथेही विकता येण्याचा मार्ग मोकळा होतो. चौथ्या उत्तरातील साखरेच्या उदाहरणाची ही उलटी बाजू आहे: येथे प्रदेशाने काही केलेलेच नाही, तरी शेजाऱ्याचा निर्णय त्याच्या दुकानांत पोहोचतो. उत्तर आयर्लंडमध्ये युरोपीय नियम लागू असल्यामुळे ही वाट बंद आहे.

१३. उत्तर आयर्लंडला हा कायदा वेगळा का लागू होतो?

आयर्लंड बेटावर उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड प्रजासत्ताक यांच्यातील सीमेवर तपासणीचे अडथळे उभे राहू नयेत म्हणून उत्तर आयर्लंडमध्ये मालाविषयीचे बरेच युरोपीय नियम चालू ठेवले आहेत. युरोपीय संघाशी झालेल्या २७ फेब्रुवारी २०२३ च्या विंडसर करारानेही ते तत्त्व बदलले नाही. ग्रेट ब्रिटनमधून (म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समधून) येऊन उत्तर आयर्लंडमध्येच खपणाऱ्या मालासाठी सुलभ ‘हिरवी मार्गिका’ त्याने आणली, जी १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. परिणामी व्यवस्था एकतर्फी आहे. उत्तर आयर्लंडचा पात्र माल ग्रेट ब्रिटनमध्ये अनिर्बंध विकता येतो, पण इंग्लंडमध्ये कायदेशीर आहे एवढ्यावरून माल बेलफास्टमध्ये विकता येत नाही. तो तिथे लागू असलेल्या युरोपीय नियमांतही बसला पाहिजे.

विधेयकाच्या पहिल्या मसुद्यात युरोपशी केलेला करार बाजूला सारण्याचा अधिकार मंत्र्यांना देणारी कलमे होती. सप्टेंबर २०२० मध्ये मंत्री ब्रँडन लुईस यांनी संसदेतच मान्य केले की त्यामुळे आंतरराष्ट्रीय कायद्याचा ‘विशिष्ट आणि मर्यादित’ भंग होतो. सरकारी विधी विभागाचे प्रमुख जोनाथन जोन्स यांनी राजीनामा दिला. डिसेंबरमध्ये ती कलमे मागे घेतली गेली. एकतर्फी कृतीची सवय प्रादेशिक सरकारांपुरती नव्हती, एवढे त्यातून कळते.

१४. वाद सोडवण्यासाठी एखादी स्वतंत्र संस्था आहे का?

सल्ला देणारी आहे, निकाल देणारी नाही. स्पर्धा नियामकाच्या अंतर्गत ‘अंतर्गत बाजारपेठ कार्यालय’ सप्टेंबर २०२१ पासून काम करते. कोणतेही सरकार त्याच्याकडे एखाद्या नियमाच्या आर्थिक परिणामांचा अहवाल मागू शकते. तो अहवाल कोणावरही बंधनकारक नसतो. नियम लागू होतो की नाही हा कायदेशीर प्रश्न शेवटी न्यायालयापुढेच जातो.

१५. आम्ही भारतातून मसाले आणि लोणची इंग्लंडमध्ये आणतो. ती स्कॉटलंडमध्ये विकताना कोणते नियम पाळायचे?

परस्पर मान्यता आयात मालालाही लागू आहे. इंग्लंडमध्ये आयात झालेला आणि तिथल्या सर्व नियमांत बसणारा माल स्कॉटलंडमध्ये विकताना, तिथल्या लेबलाच्या किंवा घटकांच्या वेगळ्या अटी सर्वसाधारणपणे आड येत नाहीत. मात्र तोच माल थेट स्कॉटलंडमध्ये आयात केला तर स्कॉटलंडच्या अटी पूर्ण लागू होतात. अन्नसुरक्षेच्या कारणाने एखादा पदार्थ रोखला गेला असेल, तर परिशिष्टातील अपवाद लागू होऊ शकतो. विक्रीच्या पद्धतीचे नियम (प्रश्न ६) तुम्हालाही पाळावे लागतील, आणि उत्तर आयर्लंडसाठी तेरावे उत्तर पाहावे. खेप पाठवण्यापूर्वी स्थानिक अन्न नियामकाकडून खात्री करून घ्यावी.

१६. व्यावसायिक पात्रतेचे काय? भारतातील पदवीला हा कायदा लागू होतो का?

नाही. हे तत्त्व ब्रिटनच्याच एखाद्या भागात मिळवलेल्या पात्रतेसाठी आहे. वकिली व्यवसाय त्यातूनही वगळले आहेत. भारतीय पदवीची मान्यता संबंधित व्यवसायाच्या नियामकाकडेच तपासली जाते.

१७. या कायद्यात पैशाविषयीही काही आहे असे ऐकले. ते काय?

आहे, आणि त्याची चर्चा व्हावी तेवढी होत नाही. आर्थिक विकास, पायाभूत सुविधा, संस्कृती, क्रीडा, शिक्षण अशा कामांसाठी लंडनचे मंत्री आता देशाच्या कोणत्याही भागात थेट पैसा देऊ शकतात, ते विषय हस्तांतरित असले तरीही. पूर्वी युरोपीय विकास निधीचे वाटप वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये तेथील सरकारे पाहत; त्याजागी आलेला २६० कोटी पौंडांचा ‘सामायिक समृद्धी निधी’ २०२२ पासून लंडनने थेट स्थानिक संस्थांमार्फत वाटला. उद्योगांना अनुदान देण्याचे नियम ठरवण्याचा विषयही या कायद्याने केंद्राकडे राखून ठेवला.

१८. भारतातील व्यवस्थेशी याची तुलना करता येईल का?

मर्यादित प्रमाणात. भारतीय राज्यघटनेचे कलम ३०१ देशभर व्यापार मुक्त असेल असे सांगते, आणि कलम ३०४ राज्यांना सार्वजनिक हितासाठी वाजवी निर्बंध घालू देते, मात्र तशा विधेयकाला राष्ट्रपतींची पूर्वमंजुरी लागते. म्हणजे समर्थनाची वाट घटनेतच आहे. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिक पिशव्या आणि थर्मोकोलच्या ताटल्यांवर बंदी आणली, तेव्हा ती राज्यात बनलेल्या आणि परराज्यातून आलेल्या मालाला सारखीच लागू झाली. गुजरातमध्ये कायदेशीर आहे म्हणून पिशवी नाशिकमध्ये विकता येईल, असा नियम येथे नाही. दुसरा फरक मताधिकाराचा: जीएसटी परिषदेत केंद्राला एक तृतीयांश आणि राज्यांना मिळून दोन तृतीयांश भारांक आहे. तिथल्या निर्णयांवर राज्यांच्या तक्रारी असतात, पण त्यांचे मत मोजले जाते. ब्रिटनमध्ये प्रादेशिक सरकारांचे मत मोजणारे असे व्यासपीठ या कायद्याने निर्माण केलेले नाही.

१९. मजूर पक्षाच्या सरकारने फेरतपासणी केली. तिच्यातून काय बदलले?

जानेवारी २०२५ मध्ये सल्लामसलत सुरू झाली आणि जुलैमध्ये निष्कर्ष आले. कायदा रद्द होणार नाही. अपवादाचा विचार करताना पर्यावरण आणि सार्वजनिक आरोग्य यांना अधिक वजन मिळेल, आणि ज्या प्रस्तावाचा बाजारपेठेवरील परिणाम वर्षाला एक कोटी पौंडांपेक्षा कमी असेल त्याला अपवाद मिळणे सोपे होईल, असे सांगण्यात आले. लहान नियमांसाठी हे उपयोगी आहे. बाटल्यांच्या योजनेसारखी मोठी योजना त्या मर्यादेत बसणे कठीण आहे, आणि निर्णयाची किल्ली पूर्वीच्याच हाती आहे.

२०. नियम ‘विक्रीच्या पद्धतीचा’ म्हणून लिहिला, किंवा विक्रीऐवजी वापरावर बंदी घातली, तर या कायद्यातून सुटता येते का?

पहिली वाट कायद्याने आधीच ओळखली आहे. परस्पर मान्यता टाळण्यासाठी कृत्रिमरीत्या रचलेला नियम विक्रीच्या पद्धतीचा मानला जात नाही, आणि विक्रीवरची पूर्ण बंदी तर सरळच कायद्याच्या कक्षेत येते.

दुसरी वाट काही अंशी खुली आहे. कायद्याचा रोख विक्रीवर असल्यामुळे वापराचे नियम साधारणपणे बाहेर राहतात. उंदीर पकडण्याच्या चिकट सापळ्यांबाबत हेच घडले. स्कॉटलंडच्या सरकारने त्यांच्या विक्रीवरील बंदीसाठी अपवाद मागितला, लंडनने तो नाकारला, आणि २०२४ च्या वन्यजीवविषयक कायद्यात वापरावर बंदी घालण्यात आली. अंमलबजावणीच्या दृष्टीने हा दुय्यम उपाय आहे, कारण दुकानातील विक्री तपासणे सोपे असते, आणि कोणाच्या घरात वा गोदामात सापळा लावला आहे हे शोधणे कितीतरी अवघड असते.